पऱ्हाटीवरचा पिठ्या ढेकूण आणि एनासियस : प्रकल्प नोंदी

१४ सप्टेंबर २०२३, वर्धा

प्रस्तावात जे तीन पानं भरून लिहिलं ते इथे थोडक्यात. कपाशीवरचा पिठ्या ढेकूण एका गावातून दुसऱ्या गावात कसा पोचतो? आणि त्याच्या अंगात अंडी घालणारी एनासियस ही इवली माशी त्याच्यामागे किती लांब जाते? दोघांच्या जनुकांमधला फरक गावागणिक मोजला तर या प्रवासाचा माग काढता येईल का?

ढेकणाचं शास्त्रीय नाव फेनाकॉकस सोलेनोप्सिस. हा मूळचा अमेरिकेतला. १८९८ साली टिन्सली यांनी न्यू मेक्सिकोतल्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन केलं. पुढे शंभरेक वर्षं त्याच्याकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. २००५ साली पाकिस्तानात कपाशीवर त्याचा उद्रेक झाला आणि पाठोपाठ गुजरात, पंजाब, महाराष्ट्र. बीटी वाणांचं विष बोंडअळीसाठी असतं, रस शोषणाऱ्या किडीला त्याने काही होत नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी नऊ राज्यांतल्या ४७ ठिकाणचे नमुने तपासले, तेव्हा बहुतेक सगळीकडे हीच एक जात सापडली.

मग २००८ मध्ये दिल्लीच्या आसपास मेलेल्या ढेकणांच्या तपकिरी ममींतून (ममी म्हणजे आतून खाल्ला जाऊन कडक झालेला ढेकूण) एक काळी, जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची, गांधीलमाशीच्या गोत्रातली माशी निघाली. २००९ साली हयात यांनी ती नवी जात म्हणून नोंदवली आणि २०१४ मध्ये लक्षात आलं की ही तर अमेरिकेतून आधीच माहीत असलेली एनासियस ॲरिझोनेन्सिस. तिला भारतात कुणी मुद्दाम बाहेरून आणून सोडलं नाही. पपईच्या पिठ्या ढेकणाची गोष्ट वेगळी. तिथे २०१० साली प्वेर्तो रिकोहून तीन जातींचे परोपजीवी कीटक रीतसर मागवून, वाढवून सोडले गेले. कुठून आणले ते कागदावर आहे. एनासियसचा असा कागदच नाही. ती बहुधा ढेकणाच्या पोटात बसूनच आली. तिचा इतिहास लिहिलेला असेल तर तो तिच्या डीएनएतच, आणि म्हणूनच मला हे काम हवं होतं.

२९ सप्टेंबर

हिंगणघाटच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून आत. पाती-फुलांवर आलेली कपाशी, काळी माती, चिखल. शेतात ढेकूण शोधायला फार वेळ लागला. पंधरा वर्षांपूर्वी झाडंच्या झाडं पांढरी व्हायची असं ऐकत आले होते, तेच शेतमालक काकांनी सांगितलं. "दोन-तीन सालं लय होती ही भुरकी. फवारा मारला तरी मरे नाही, वरतून मेण असते ना तिच्या अंगावर. मंग आपोआपच कमी झाली. कशी झाली, कोणाले ठाव." त्यांना ममी दाखवली, भिंगातून. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे हे आमचं काम करून राहिली अन् आम्ही फवारून तिलेच मारून राहिलो?" मी हो म्हटलं. यात आडवळण घेण्यासारखं काही नाही.

शेतात जे मिळालं नाही ते धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मिळालं. गाजरगवत, पेटारी ही तणं. गाजरगवताच्या खोडाशी, पानांच्या बेचक्यात ढेकणांचे पुंजके होते, वर मुंग्यांची ये-जा. मुंग्यांना ढेकणाच्या गोड स्रावाची ओढ, त्यापायी त्या राखण करतात आणि माशीला जवळ फिरकू देत नाहीत. मुंग्या असलेल्या आणि नसलेल्या पुंजक्यांतल्या ममी वेगळ्या मोजायच्या, हे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं.

नमुने घेण्याचा नियम आज पक्का केला: एका झाडावरून एकच ढेकूण आणि दोन झाडांत किमान दहा पावलांचं अंतर. मादी शेकडो पिल्लं देते आणि ती आईच्या आजूबाजूलाच बसतात. एका पुंजक्यातून पाच उचलले तर पाच बहिणी हाती लागतील आणि आकडेमोड सांगेल की गावागावांत प्रचंड फरक आहे. तो फरक गावांचा नसून घराण्यांचा असेल. ममींनाही हाच नियम.

११ ऑक्टोबर

ममी जिलेटिनच्या रिकाम्या कॅप्सूलमध्ये एकेक करून ठेवल्या आहेत, प्रत्येकीवर गाव, झाड आणि तारीख. एका ममीतून एकच माशी निघते, त्यामुळे घोटाळ्याला जागा नाही. ममीला गोल भोक पडलं की कॅप्सूल उणे वीसमध्ये ठेवायची आणि मग मद्यार्कात.

आज मात्र दुपारभर दुसरंच काम झालं. जास्वंदीच्या कापलेल्या फांदीवर ढेकूण वाढवले होते, त्यावर एक मादी सोडली आणि सूक्ष्मदर्शकाखाली बसले. आधी ती नुसती चालत होती. एका ढेकणापाशी थांबली आणि स्पर्शिकांनी त्याच्या पाठीवर टकटक सुरू केली, डोक्यापासून शेपटीपर्यंत आणि परत, बाजूला जाऊन कडेनेही. हे माप घेणं आहे. ढेकूण लहान निघाला, तिने सोडून दिला. पुढचा वाढीच्या तिसऱ्या अवस्थेतला होता. त्याला तिने तसंच चाचपलं, मग पूर्ण वळली, पाठमोरी सरकत गेली आणि अंडं घालायची नळी आत. ढेकणाने पाठीच्या कडेतून एक चकचकीत थेंब बाहेर काढला. तो अंगाला लागला तर माशी चिकटून बसते. ती थेंबाच्या पलीकडे होती. काही सेकंदांत बाहेर आली आणि पाय चोळत बसली.

माप घेण्याचा संबंध थेट आमच्या प्रश्नाशी आहे. या गोत्रातल्या माद्या लहान ढेकणात बहुधा नर-अंडं घालतात आणि मोठ्यात मादी-अंडं. अंडं फलित करायचं की नाही हे माशीच्या हातात असतं. फलित अंड्यातून मुलगी, अफलितातून मुलगा. म्हणजे मी धुऱ्यावरून कुठल्या आकाराच्या ममी उचलते यावर माझ्या नमुन्यांतलं नर-मादीचं प्रमाण ठरणार. आजपासून ममीची लांबीही मोजायची.

२६ ऑक्टोबर

दसऱ्याची सुटी, वाचन. आमच्या विषयात ज्याच्याशी तुलना केल्याशिवाय पुढे जाताच येत नाही ते काम फिनलंडच्या ओलांड बेटांवरचं. इल्का हान्स्की यांनी १९९३ पासून तिथल्या सुमारे चार हजार लहान-मोठ्या कुरणांत मेलिटिया सिंक्सिया या फुलपाखराच्या अळ्यांची जाळी दर शरद ऋतूत मोजायला सुरुवात केली. २०१६ मध्ये ते गेले, पण मोजणी पुढे चालू राहिली. एखाद्या कुरणातलं फुलपाखरू नाहीसं होतं, काही वर्षांनी शेजारून परत येतं. या सतत मिटण्या-उगवण्यावर त्यांनी सगळा सिद्धांत उभा केला.

त्याच अळ्यांवर दोन परोपजीवी माश्या आहेत. हायपोसोटर हॉर्टिकोला लांब उडते आणि जवळजवळ सगळीकडे पोचते. कोटेसिया मेलिटीअरम जवळच्या जवळ राहते, म्हणून जिथे कुरणं दाट आहेत तिथेच ती टिकते. पुन्हा हायपोसोटरच्या अंगात राहणारी मेसोकोरस आहेच, म्हणजे परोपजीवीवरची परोपजीवी. २०१६ साली नायर, व्हान नौहस आणि सहकाऱ्यांनी ५० गुणिले ७० किलोमीटरच्या त्याच प्रदेशातले मेसोकोरसचे जनुकीय गट मोजले आणि बाकी दोघांच्या आधीच माहीत असलेल्या गटांशी ताडून पाहिले. फुलपाखराचे २७, हायपोसोटरचे १५, मेसोकोरसचे ४. अन्नसाखळीत जितकं वर जावं तितकं भक्ष्य विरळ, म्हणून जगायचं तर लांब उडायला हवं, आणि लांब उडणाऱ्यांची जनुकं एकमेकांत मिसळत राहतात.

हे वाचून मी उठून बाहेर एक फेरी मारून आले. आमच्याकडे ही शिडी उलटी असण्याची दाट शक्यता आहे! ओलांडचं फुलपाखरू स्वतःच्या पंखांनी फिरतं. आमच्या ढेकणाच्या मादीला पंखच नाहीत. पण तिची पिल्लं वाऱ्यावर जातात, पाटाच्या पाण्यातून वाहतात, वेचणाऱ्या बायकांच्या ओट्यांना चिकटतात, गाड्यांतून जातात. ज्याला चालवत नाही तो माणसाच्या आधाराने सगळ्यांत लांब गेलेला असू शकतो. मग ढेकणाचा गट एकच आणि माशीचे अनेक, असं चित्र दिसेल का? मार्गदर्शक मॅडमना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे गृहीतक म्हणून लिही, निष्कर्ष म्हणून नको." तसं लिहिलं आहे.

१६ नोव्हेंबर

राळेगावच्या बाजूच्या काही कॅप्सूलमधून एनासियसऐवजी दुसरीच माशी निघाली. बारीक अंगाची, रंगही वेगळा. ओळख पटवून घेतली: प्रॉमस्किडिया. पिठ्या ढेकणाच्या ममींतून आपल्याकडे ती अनेकांना मिळाली आहे आणि ती एनासियसवर जगते असं मानतात. म्हणजे कपाशी, ढेकूण, एनासियस यांच्यानंतरची चौथी पायरी आमच्याकडेही हजर. तिच्यावर वेगळं काम करण्याइतका पैसा नाही आणि वेळही नाही, पण नमुने टाकायचे नाहीत. मद्यार्कात, वेगळ्या डबीत.

१२ डिसेंबर

पहिल्या संचाचे सीओआय अनुक्रम (डीएनएतल्या अक्षरांची रांग) आले. सीओआय हे मायटोकॉन्ड्रियातलं जनुक कीटकांची ओळख पटवायला सगळीकडे वापरतात. १९९४ साली फोल्मर आणि सहकाऱ्यांनी दिलेले प्रायमर (डीएनएचा हवा तो भाग पकडून त्याच्या प्रती काढायला लागणारे छोटे तुकडे) जवळजवळ कुठल्याही प्राण्यावर चालतात. इथे नेमका हा गुणच आडवा आला.

काही ढेकणांच्या आलेखात शिखरावर शिखर दिसलं, एका जागी दोन-दोन अक्षरं. एकदोन ढेकणांचा अनुक्रम तर स्वच्छ आला, पण तो ढेकणाचा नव्हताच, एनासियसचा होता. ढेकूण वरून धडधाकट होता, ममी झालेली नव्हती, पण आत माशीची अळी वाढत होती. प्रायमरने दोघांचाही डीएनए उचलला आणि जो जास्त सहज वाढला तो वर आला.

सोबतचा मुलगा नमुने टाकून द्यायला निघाला होता, त्याला थांबवलं. या गोंधळात एक माहिती दडली आहे जी शेतात कुठल्याही भिंगातून दिसत नाही. ममी मोजून मिळतं ते प्रमाण नेहमी कमीच येतं, कारण ज्याच्या अंगात गेल्या आठवड्यात अंडं घातलं गेलं तो ढेकूण अजून पांढरा, लोभस, रस पीत बसलेला असतो. आता दोन वेगळे प्रायमर बनवायचे, एक फक्त ढेकणाचा आणि एक फक्त एनासियसचा. प्रत्येक ढेकणावर दोन्ही चालवले की अनुक्रमही शुद्ध मिळेल आणि लपलेल्या परोपजीवींचा आकडाही.

अनुक्रमांचं म्हणाल तर स्वच्छ आलेले ढेकूण सगळे एकाच हॅप्लोटाइपचे, म्हणजे अनुक्रम अक्षर न् अक्षर तोच. अपेक्षितच होतं. थोड्या माद्यांपासून पसरलेल्या परक्या किडीत मायटोकॉन्ड्रियाची विविधता अशीच आटलेली असते. पण यावरून "सगळी गावं एक" असं म्हणता येत नाही. मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतो आणि इतक्या ताज्या इतिहासासाठी त्याचं घड्याळ फार सावकाश चालतं. मायक्रोसॅटेलाइटकडे, म्हणजे डीएनएतल्या जिथे काही अक्षरं पुन्हा पुन्हा येतात आणि किती वेळा येतात तो आकडा झपाट्याने बदलतो अशा जागांकडे, वळावंच लागणार.

९ जानेवारी २०२४

मायक्रोसॅटेलाइट का, आणि संपूर्ण जीनोमवरच्या हजारो जागा एकदम वाचणाऱ्या पद्धती का नाहीत, यावर आज बैठक झाली. उत्तर सरळ: एका एनासियसमधून निघणारा डीएनए अतिशय थोडा. अनेक माश्या एकत्र वाटल्या तर डीएनए पुरेल, पण मग व्यक्ती हरवते. आम्हाला व्यक्तीच हवी. मायक्रोसॅटेलाइट थोडक्यात भागवतात.

सांख्यिकीच्या सरांनी फळ्यावर दोन्ही कीटकांची वंशावळ काढली आणि मला या प्रकल्पातली सगळ्यांत सुंदर गोष्ट समजली. एनासियसचा नर एकगुणित असतो. त्याला बाप नसतो, गुणसूत्रांचा एकच संच, तोही आईचा. पिठ्या ढेकणाच्या नराला बाप असतो, फलित अंड्यातूनच तो जन्मतो. पण बापाकडून आलेला संच त्याच्या पेशींत गुंडाळून गप्प ठेवलेला असतो आणि शुक्राणूंत तो जातच नाही. नर पुढच्या पिढीला देतो ते फक्त त्याच्या आईचं. म्हणजे यजमान आणि परोपजीवी दोन पूर्ण निराळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोचले आहेत. दोघांच्याही नराकडून वारसा चालतो तो आजीचा.

याचे परिणाम हिशेबात धरावे लागतात. नर-मादी सारख्याच संख्येने असतील तर अशा वंशपद्धतीत जनुकीय दृष्टीने मोजली जाणारी प्रभावी संख्या नेहमीच्या द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच असलेल्या) प्राण्याच्या तीन चतुर्थांश भरते. जनुकांच्या प्रमाणात योगायोगाने होणारा बदल तेवढा जोरात. त्यामुळे एनासियसमध्ये गावागावांत फरक दिसला तर तो लगेच "उडत नाही" याचा पुरावा मानायचा नाही. आधी हा पाऊण पट बाजूला काढायचा. दुसरं असं की ज्या दोषी जनुकांना द्विगुणित प्राण्यांत चांगल्या जोडीदार जनुकाची आड मिळते, ती इथे नरात उघडी पडतात आणि गाळली जातात. म्हणून मूठभर पूर्वजांपासून सुरुवात करूनही ही माशी देशभर टिकली असावी. ओलांडच्या मेसोकोरसला मात्र एक वेगळी अडचण आहे. तिच्या घराण्यात लिंग ठरवणाऱ्या जागेवर आई-बापांकडून सारखंच जनुक आलं तर मुलीऐवजी द्विगुणित नर निपजतो, आणि संख्या घटली की हे वाढतं. एनासियस ज्या काल्सिड गोत्रातली आहे त्यात ही भानगड नाही.

आणि एक हाताशी लागणारा फायदा. एनासियसचा नर एकगुणित, म्हणजे कुठल्याही मायक्रोसॅटेलाइटवर त्याचा एकच आकडा यायला हवा. जिथे नरात दोन आकडे दिसतील तिथे एकतर प्रायमर दोन जागी बसतोय किंवा नमुन्यात भेसळ आहे. एकही आकडा न येणारा नर सांगेल की त्या जागेवर न दिसणारं रूप आहे. बाकी लोकांना अशा चुका पकडायला लांबचे गणिती फेरे घ्यावे लागतात. आम्हाला नर फुकटात पकडून देतात. प्रत्येक प्रायमर आधी नरांवर चालवायचा आणि त्यात पास झालेलेच माद्यांवर. लोकसंख्येची आकडेमोड मात्र फक्त माद्यांवर. ढेकणाच्या नरावर ही युक्ती चालत नाही. गुंडाळलेला असला तरी बापाचा डीएनए पेशीत असतोच आणि पीसीआर (डीएनएच्या प्रती काढण्याची प्रक्रिया) दोघांत भेद करत नाही.

आणखी एक जुना वाद इथे सुटू शकतो. या ढेकणाच्या माद्या नराशिवाय पिल्लं देतात असं काही प्रयोगांत म्हटलं गेलं, नंतरच्या प्रयोगांनी ते खोडून काढलं. क्लोन असतील तर दूरदूरच्या गावांत सगळ्या जागांवर अगदी तीच आकड्यांची माळ पुन्हा पुन्हा सापडेल. नसतील तर नाही.

१९ फेब्रुवारी

वेचणी संपत आली, पऱ्हाट्या उपटणं सुरू आहे. आज दिवसभर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांच्या मागे फिरले.

सुकत्या पऱ्हाट्यांच्या मोळ्या घराशेजारी रचतात, चुलीला सरपण म्हणून. मोळीतला रस आटला की जिवंत पिल्लं हिरवं जे जवळ सापडेल त्यावर जातात. अंगणातली जास्वंद, परसातली वांगी, भेंडी, मोरीच्या पाण्यावर वाढलेलं गाजरगवत. शेतातून घरापर्यंतचा हा रस्ता ढेकूण स्वतः कधीच चालला नसता.

काही मोळ्या सोडून पाहिल्या. बोंडांच्या फुटलेल्या पाकळ्यांत आणि फांद्यांच्या खाचांत ममी होत्या, भोक न पडलेल्या. म्हणजे एनासियससुद्धा बैलगाडीतून गावात येते, ममीत बसून. माझं ऑक्टोबरचं गृहीतक यामुळे बदलावं लागतं. मी धरलं होतं की ढेकूण माणसाबरोबर आणि माशी पंखांवर. प्रत्यक्षात माशीला दोन्ही वाहनं आहेत. गाडीची वाट मात्र ठरलेली असते, शेत ते घर. विकलेल्या पऱ्हाट्या ब्रिकेटसाठी (जळणाच्या दाबलेल्या विटांसाठी) आणखी लांब, दुसऱ्या तालुक्यात जातात. म्हणून दोन गावांतलं सरळ अंतर धरून जनुकीय अंतराशी ताळा घालणं पुरेसं नाही. पऱ्हाट्यांच्या वाहतुकीचं अंतरही त्याच कोष्टकात घालायचं आणि दोन्हींतलं कोणतं जास्त जुळतं ते बघायचं. गावोगाव "तुमच्या पऱ्हाट्या कुठे जातात?" हा प्रश्न आता प्रश्नावलीत.

वेचणी झालेल्या शेतांत मेंढपाळांचे कळप बसतात. लोकरीला चिकटून पिल्लं जात असतील का? एका कळपाशी बोलले. त्यांनी लोकर तपासू दिली, काही सापडलं नाही. एका कळपावरून काही ठरत नाही.

२७ मार्च

नरांवरची प्रायमर-चाचणी पुरी. बरेच प्रायमर गळाले, राहिले ते भरवशाचे.

८ मे

पारा ४४च्या वर. शेतं उघडी, नांगरलेली, धुऱ्यावरचं गाजरगवत जळून काड्या. कपाशीवर काम करणाऱ्याने या दिवसांत घरी बसावं अशी सगळ्यांची समजूत. मला उलट वाटतं. या किडीचं आणि माशीचं नशीब मे महिन्यातच ठरतं. जून-जुलैत शेतात जे कुणी येतील ते आज जिवंत असलेल्यांचीच संतती. आज ते जितके थोडे आणि जितके विखुरलेले, तितका पुढच्या वर्षीच्या जनुकांवर योगायोगाचा शिक्का मोठा.

ते जिवंत कुठे आहेत ते मिळालं. मोरीपाशी, रांजणाखाली, हातपंपाच्या डबक्याशेजारी, जिथे जिथे सांडपाणी आहे तिथे. एका आजींच्या दारात जास्वंदीचं जुनं झाड, खोडाला ढेकणांचा पांढरा थर आणि त्यात तपकिरी ममी भरपूर, बऱ्याच भोक पडलेल्या. आजी विचारू लागल्या, "काय पाहून राहिली वं पोरी? देवाले फूल मिळत नाही या पांढऱ्या किडीपायी. पोरगा म्हणते औषध मारतो." मी त्यांना ममी दाखवली, म्हटलं, आजी, या तपकिरी आहेत ना, त्या तुमच्याच बाजूच्या. औषध नका मारू, पाण्याच्या जोरदार धारेने फांदी धुवा, पांढरे पडतील, आणि तपकिरी असलेली काटकी तोडलीत तर झाडाखालीच ठेवा. त्या म्हणाल्या, "ठेवतो बाई, पण पावसाळ्यात येऊन पाहून जा." कबूल केलं.

एका जास्वंदीवर एवढ्या ममी, आणि आजूबाजूला कित्येक एकर एकही नाही. अशा झाडांचा नकाशा करायचा. प्रत्येक गावात, पाणी असलेलं प्रत्येक अंगण. आतापर्यंत आम्ही "लोकसंख्या" म्हणून शेत धरत होतो. खरं एकक हे अंगण आहे. खरिपातलं शेत हे चार महिन्यांचं पसरणं, आणि त्यात सगळ्या अंगणांचे वारस एकमेकांत मिसळलेले असतात. खरिपातले नमुने म्हणूनच एकसारखे दिसणार. फरक बघायचा तर मे महिन्यात, अंगणाअंगणांत. त्यामुळे मॅडमशी बोलून बेत बदलला. जीनोटाइपिंगचा (प्रत्येक नमुन्याचे जनुकीय आकडे वाचण्याचा) बहुतेक पैसा खरिपाच्या नमुन्यांऐवजी उन्हाळ्याच्या नमुन्यांवर घालायचा आणि खरिपातले थोडेच, मिसळण पाहण्यापुरते.

३१ मे

अंगणांचा नकाशा चार गावांत झाला. फक्त एवढंच लिहायचं होतं की सर्वांत मोठी मदत शाळेतल्या मुलांची झाली. सुटीत गावभर फिरणारी तीच, आणि कुणाच्या जास्वंदीला "पांढरी" आहे हे त्यांना तोंडपाठ.

१९ जून

जनुकं आपल्याला सांगतात ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या मिसळणीचं. आज कोण किती उडालं ते सांगत नाहीत. त्यासाठी पेरणी उगवून येण्याआधीचे हे थोडे दिवस सोन्यासारखे आहेत. शेतं उघडी असतात, माशीला वाटेत थांबायला दुसरं काही नसतं.

प्रयोगशाळेत जाळीत वाढवलेले, माशीचा स्पर्श न झालेले ढेकूण कुंडीतल्या जास्वंदींवर बसवले होते. आजींच्या अंगणापासून सरळ रेषेत ५०, १५०, ३०० आणि ६०० मीटरवर कुंड्या, वाऱ्याच्या बाजूला आणि उलट बाजूलाही. खोडांना खाली चिकट पट्टी, म्हणजे ढेकूण उतरून शेतात जायला नको आणि मुंग्या चढायला नकोत. दोन दिवस ठेवून कुंड्या परत आणल्या आणि जाळीत बंद केल्या. तिथे ममी झाली तर माशी त्या दोन दिवसांत आली होती, दुसरा अर्थच नाही.

जवळच्या कुंड्यांवर ममी झाल्या. वाऱ्याच्या बाजूच्या ६०० मीटरवरच्या कुंडीवरही थोड्या झाल्या, आणि त्यांतून आतापर्यंत निघाले ते सगळे नर.

यावर आज बराच वेळ चर्चा झाली. दोन शक्यता आहेत. त्या कुंडीवरचे ढेकूण तुलनेने लहान होते, म्हणून आईने नर-अंडी घातली असतील. किंवा आईचं मीलनच झालं नव्हतं. जन्मल्या जागी जोडीदार न भेटता ती उडाली, आणि न मिललेली मादी फक्त मुलगेच देऊ शकते. दुसरी शक्यता खरी असेल तर लांब उडणाऱ्या माद्या नव्या जागी पोचूनही पहिल्या पिढीत वस्ती धरू शकत नाहीत. मुलगे जन्मतात, आणि दुसरी एखादी मादी तिथे पोचेपर्यंत जगतील तेवढेच उपयोगी. ओलांडच्या कोटेसियासारखं "उडत नाही म्हणून पोचत नाही" असं नव्हे. इथे पोचून अडलेली असेल.

हे सोडवायचा मार्ग आहे. पुढच्या खेपेला सगळ्या कुंड्यांवर तिसऱ्या अवस्थेतले, मोजून एकाच आकाराचे ढेकूण, म्हणजे लहानपणाची सबब राहणार नाही. आणि आताचे हे नर वाया नाहीत. प्रत्येक मुलाकडे आईच्या दोन संचांतलं एकेक अक्षर आहे. एकाच आईचे पुरेसे मुलगे हाती असले तर त्यांच्यावरून आईची जीनोटाइप जुळवता येते, ती स्वतः कधी सापडली नाही तरी. मग ती आजींच्या जास्वंदीवरच्या माद्यांत बसते की दुसऱ्याच अंगणातल्या, ते पाहायचं. कुंडीतल्या उरलेल्या ममी सोमवारपर्यंत फुटतील. त्यानंतर प्रत्येक नराचा एक पाय डीएनएसाठी, बाकी शरीर ओळखीसाठी जपून ठेवायचं.